हे केंद्र आहे

मुखरू निकुरे हा माणूस मला पहिल्या दिवशी अजिबात आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. १९८१ साली मी चिखलगोंदीला ग्रामसेवक म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा हा ग्रामपंचायतीच्या दारात उभा. अंगात खाकी शर्ट, खाली धोतर, खांद्यावर दुपट्टा आणि चेहऱ्यावर असा भाव की कचेरी याच्या बापाची आणि मी अर्ज घेऊन आलेला. मी विचारलं, "सरपंच कुठे आहेत?" तर म्हणाला, "थांबा जी. बातम्या चालू हायेत."

बातम्या संपेपर्यंत मी उन्हात थांबलो. आतल्या खोलीत टेबलावर सरकारने दिलेला रेडिओ होता, त्याला अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला आणि वर कौलांवर सागाच्या बल्लीला भोंगा बांधलेला. सकाळी सहा वाजता मुखरू रेडिओ लावायचा आणि अख्खं गाव, गावाबाहेरच्या धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, तलाव आणि पलीकडच्या जंगलातली वानरं यांना इच्छा असो वा नसो, नागपूरचे सगळे कार्यक्रम ऐकावे लागायचे. मुखरूचं पदच मुळी 'रेडिओ चालक तथा शिपाई' असं होतं. त्यातला 'तथा शिपाई' हा भाग तो मनावर घेत नसे. मी पाणी मागितलं तर कार्यक्रम बघून द्यायचा.

रेडिओवर मात्र त्याची भक्ती होती. नागपूरच्या निवेदिकेने नमस्कार म्हटला की हा टेबलासमोर उभा राहून हात जोडायचा. तरुणपणी तो दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचायचा, तिथे बायांची कामं करायचा आणि आवाज कसाही वळवायचा. दोन कार्यक्रमांच्या मधे जागा सापडली की माइक घेऊन गावच्या सूचना द्यायचा, त्याही निवेदिकेच्या थाटात. "लटारू मोहुर्ले यांची शेळी कालपासून बेपत्ता आहे. आता ऐकू या सुगम संगीत."

या माणसाचं एक गुपित होतं, ते मला कचेरीची कपाटं उघडल्यावर कळलं. मुखरू कायम नव्हता. दरवर्षी अकरा महिन्यांचा आदेश निघायचा, मग एक महिना खंड, मग पुन्हा आदेश. १९७५ पासून हेच चाललं होतं. लग्न ठरताना गडचिरोलीकडच्या सासऱ्याने विचारलं होतं, नोकरी पक्की आहे का? तेव्हाच्या ग्रामसेवकाने मुखरूला "होऊन जाईल" असं सांगितलेलं. मुखरूने सासऱ्याला नुसतं "हो" सांगितलं आणि लग्न झालं. बायको शकुबाई तेव्हापासून विहिरीवर, धानाच्या रोवणीत, लग्नकार्यात सांगत फिरायची की आमच्या घरी सरकारी नोकरी आहे. खंडाच्या महिन्यातही मुखरू रोज भाकरीचा डबा घेऊन कामावर यायचा, फुकट राबायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. मी एकदा म्हटलं, अरे घरी बस. तर म्हणाला, "घरी बसलो तं शकूले मालूम होईन जी."

१९८४ च्या श्रावणात वरून पत्र आलं. गावोगाव दिलेले रेडिओ बंद पडून आहेत, त्यांवर कोंबड्या बसतात, अशा तक्रारी गेल्या होत्या. म्हणून विस्तार अधिकारी चौरागडे साहेब गावोगाव फिरून पाहणी करणार होते. जिथे रेडिओ बंद, तिथला संच परत न्यायचा आणि चालकाचं पद रद्द करायचं. मी पत्र वाचून दाखवलं, तर मुखरूला आनंदच झाला. आपला रेडिओ नऊ वर्षांत एक दिवस बंद नव्हता. साहेब पाहतील आणि खूश होतील, असं त्याचं गणित.

पाहणीच्या दिवशी सकाळी सहाला भोंगा वाजला नाही. सव्वासहाला मुखरू माझ्या खोलीच्या दारात उभा होता.

"साहेब, रेडिओ बोलत नाई."

"काय केलंस त्याला?"

"काई नाई जी. बरसातीचे किडे शिरून राह्यले होते त्याच्यात. साहेब येतेत म्हून काल बियान्याले करतो तसं केलो."

आमच्याकडे धानाचं बियाणं ढोलीत भरताना किडे लागू नयेत म्हणून त्यात चुलीची राख मिसळतात आणि वरून कडुनिंबाचा पाला घालतात. मी धावत कचेरीत गेलो आणि रेडिओची मागची पाटी उघडली. आत काठोकाठ राख होती. वर पाला नीट थर लावून दाबलेला होता.

"चाळलेली राख हाय जी," मुखरू म्हणाला. "एक खडा सापडनार नाई."

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठच्या एसटीने साहेब उतरणार होते. चिडल्यावर मला काही सुचत नाही. मुखरूचं उलट होतं, तो घाबरला की त्याला सुचायचं.

"भोंगा चालू हाय न जी? माइक चालू हाय न?"

"मग?"

"मंग मीच बोलतो. मले साऱ्या दिवसाचं पाठ हाय."

मी नको म्हणायला हवं होतं. पण दरमहा 'रेडिओ सुस्थितीत' असा अहवाल माझ्याच सहीने जायचा आणि राखेच्या खाली माझीही मान होती. मी दार लावून घेतलं. मुखरूने दुपट्ट्याने तोंड पुसलं, बोटांवर मोजत सहा वेळा पीप पीप केलं आणि माइकजवळ तोंड नेलं. नागपूरचं नाव घ्यायला मात्र तो तयार होईना. खोटं बोलून त्या लोकांच्या पोटावर पाय द्यायचा नाही म्हणे. शेवटी तो गंभीर आवाजात एवढंच म्हणाला, "हे केंद्र आहे."

कोणतं केंद्र, ते दिवसभर कोणी विचारलं नाही.

भक्तिसंगीत दंडारीतल्या गवळणींवर भागलं. बातम्यांना मला घाम फुटला, पण मुखरूची वाणी अडली नाही. "दिल्लीत आज बैठक झाली. बैठकीत चर्चा झाली. चर्चा समाधानकारक झाली. चर्चेनंतर पुन्हा बैठक झाली." खरं सांगतो, नेहमीच्या बातम्यांपेक्षा फार काही वेगळं वाटलं नाही. मग प्रादेशिक बातम्यांत रोवणीला वेग आल्याचं सांगितलं आणि हवामानात "पाऊस येईल, नाहीतर येणार नाही" असं सांगून त्याने विषय संपवला.

गावाने पहिल्या पीपलाच ओळखलं होतं. मुखरूचा आवाज पाळण्यातलं पोरही ओळखायचं. पण साहेब कशाला येणार आहेत हे गावाला माहीत होतं. भोंगा गेला तर दिवस कसा काढायचा हेही कोणाला कळत नव्हतं. त्यामुळे कोणी काही बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं.

चौरागडे साहेब आठला उतरले. टोपी, चष्मा, काखेत डायरी. सरपंच देवाजी त्यांना घ्यायला गेला आणि दिवसभर त्यांच्यासोबत फिरला. बाहेरचं जे सांगतो आहे, ते सगळं देवाजीच्या तोंडून ऐकलेलं आहे. साहेब नवे होते आणि त्यांना रेडिओचं भारी वेड. भोंग्यातून सगळेच आवाज नाकातून आल्यासारखे येतात, त्यामुळे माणूस ओळखणं कठीणच. साहेबांनी भोंगा ऐकला आणि म्हणाले, "वा! खणखणीत लागलाय तुमचा संच. कार्यालय मी संध्याकाळी बघतो. आधी विहिरी, रस्ते, बांध्या दाखवा." देवाजीने गुपचूप हा निरोप धाडल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे संध्याकाळपर्यंत चालवायचं होतं.

साडेआठला शेतीचा कार्यक्रम. मुखरू शेतकरीही झाला आणि तज्ज्ञही झाला. धानावरच्या गादमाशीवर बोलला, चिखलणीवर बोलला आणि बियाण्याची साठवण सांगताना त्याला राहवलंच नाही. "बियाण्यात चाळलेली राख आणि कडुनिंबाचा पाला घालावा. हा उपाय बियाण्यापुरताच करावा. यंत्रसामग्रीस करू नये. पुन्हा सांगतो, यंत्रसामग्रीस करू नये."

साहेब बांधावर उभे राहून हे डायरीत उतरवून घेत होते. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. देवाजीला म्हणाले, "किती बारकाईने सांगतात बघा. तुम्हीही लिहून घ्या." देवाजीला लिहिता येत नव्हतं, तरी त्याने मान डोलावली.

अकराला महिलांचा कार्यक्रम. मुखरूने डोक्यावर पदरासारखा दुपट्टा घेतला. मी म्हटलं, अरे तुला कोण बघतंय? तर म्हणाला, "त्याच्याशिवाय आवाज येत नाई जी." आणि खरोखर कोवळ्या आवाजात त्या कार्यक्रमातल्या कुसुमताई सुरू झाल्या. आज जवसाची चटणी. जवस भाजा, लाल मिरची भाजा, लसूण घाला, कुटा. एवढ्यात कचेरीच्या मागच्या गल्लीतून वच्छलाबाई ओरडली, "अन् मीठ कोन घालन?"

कुसुमताईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "श्रोत्यांच्या आग्रहास्तव आता आपण मीठ घालू."

दुपारी फर्माइशी गाणी. मुखरूला गाणी दोनच येत होती. ती त्याने डालड्याच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून आलटून पालटून गायली. फर्माइश करणाऱ्यांची नावं मात्र दर वेळी वेगळी. सूरजागडपासून मूलपर्यंतच्या श्रोत्यांना तीच दोन गाणी का हवी होती, हा प्रश्न चौरागडे साहेबांना पडला नाही. उलट जेवताना ते देवाजीला म्हणाले, "लोकांची आवड बघा, किती पक्की आहे."

अडीचला खेळाचं समालोचन असायचं. खेळातलं मुखरूला काही कळत नव्हतं. पण कचेरीच्या खिडकीतून तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसायची, आणि नेमकी त्याच वेळी झिंगूची म्हैस दावं तोडून बापूजीच्या रोवलेल्या बांधीत शिरली. मुखरूला शंकरपटातल्या बैलजोड्यांच्या शर्यती पाठ. त्याने माइक खिडकीजवळ ओढला.

"आणि म्हैस बांधीत उतरली आहे! मागे झिंगू. झिंगू पडला. झिंगू उठला. म्हैस पाळीवर चढते आहे, काय वेग आहे! समोर एक टोपीवाले गृहस्थ पाठमोरे उभे आहेत. त्यांना कल्पना नाही. त्यांनी बाजूला व्हावं. व्हावं जी बाजूला! अगा बाबो!"

साहेब पाळीवर उभे राहून समालोचन तल्लीन होऊन ऐकत होते. देवाजीने त्यांचा हात धरून ओढलं नसतं तर डायरीसकट तलावात गेले असते. म्हैस फुटभरावरून निघून गेली. साहेबांनी टोपी सरळ केली, भोंग्याकडे पाहिलं, लांब जाणाऱ्या म्हशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "योगायोग तरी किती असावा, सरपंच!"

असा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

पाच वाजता मुखरूचा आवाज बसत आला होता. बातम्या तीनदा झाल्या होत्या, चटणी दोनदा कुटून झाली होती. साहेब देवाजीच्या ओसरीवर चहा घेत होते आणि साडेपाचला कार्यालयात येणार होते. अर्धा तास काढायचा होता. मी खुणेने विचारलं, आता काय? तो म्हणाला, "मुलाखत." कोणाची? खोलीत आम्ही दोघेच होतो आणि मी तर तोंड उघडणार नव्हतो.

टेबलाच्या डावीकडे एक खुर्ची होती, उजवीकडे स्टूल. खुर्चीवर बसला की मुखरू मुलाखत घेणारा, स्टुलावर बसला की पाहुणा. मधे माइक. प्रत्येक प्रश्नाला तो टेबलाला वळसा घालून धावत होता.

"नमस्कार. आज आपल्याकडे एका ग्रामपंचायतीचे शिपाई आले आहेत. आपली सेवा किती वर्षं झाली?"

"नऊ वर्सं जी."

"म्हणजे आपण कायम आहात."

मला वाटलं, आता सरळ हो म्हणेल. सासऱ्याला म्हटलं होतं तसं. पण दिवसभर खोटं बोलून त्याच्यातलं खोटं संपलं असावं. स्टुलावर बसून तो खाली मान घालून म्हणाला, "नाई जी."

"मग आपण काय आहात?"

"हंगामी हावो. अकरा महिने काम. मंग एक महिना खंड."

"खंडात आपण काय करता?"

"कामावर जातो."

मी हातवारे करत होतो, पुरे म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. खुर्चीवरचा मुखरू फार कडक मुलाखत घेणारा निघाला. स्टुलावरच्या बिचाऱ्याला तो सोडायलाच तयार नव्हता.

"पगार नसताना कामावर का जाता?"

"बायकोले मालूम होईन म्हून. तिच्या बापाले मी पक्की नौकरी हाय म्हून सांगतलं होतं."

"म्हणजे नऊ वर्षं आपण खोटं बोलत आहात?"

"एकदाच बोललो जी. मंग ते आपोआपच चालू राह्यलं."

"पण बोललात कशासाठी?"

या वेळी वळसा घालायला त्याला जरा वेळ लागला. "पोरगी पायले गेलो होतो. ते चहा घेऊन आली. बशी हातातून सुटली, फुटली. साऱ्यायसमोर. दुसरी असती तं रडली असती. हे हासली. मले वाटलं, हे भेटली नाई तं आपलं काई खरं नाई."

मी हातवारे थांबवले. कारण मला ते नकोसे झाले होते.

खुर्चीवरच्या मुखरूने घसा साफ केला आणि मुलाखतीच्या शेवटी विचारतात तो ठरलेला प्रश्न, काही विचार न करता, गोड आवाजात विचारला. "आणि आपल्या सौभाग्यवती आता हा कार्यक्रम ऐकत असतील का?"

तो उठला, टेबलाला वळसा घातला, स्टुलावर बसला, उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि तोंड तसंच राहिलं. भोंग्यातून फक्त श्वास ऐकू येत होता. शकुबाई सकाळपासून बापूजीच्या दुसऱ्या बांधीत रोवणीला होती. कचेरीपासून तीन बांध्या पलीकडे, सोबत वीस बाया.

"प्रक्षेपणातील व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत," मुखरू कुसुमताईच्या आवाजात म्हणाला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

त्याला मी ओढून काढेपर्यंत दारावर थाप पडली. चौरागडे साहेब आले होते, मागे देवाजी. साहेबांचे डोळे ओले होते, खोटं सांगत नाही. आल्या आल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ऐकलं की नाही तुम्ही? त्या शिपायाची मुलाखत?"

मी म्हटलं, "हो, थोडीशी."

"मी वीस वर्षं रेडिओ ऐकतोय. असा दिवस ऐकला नाही. आणि तो शिपाई! हंगामी कर्मचाऱ्यांची यादी माझ्याच हातून जायची आहे, शनिवारी. अशा माणसाचं नाव त्यात नसेल तर माझ्या नोकरीला काय अर्थ? पण त्याचं नावच सांगितलं नाही हो. की मी चुकलो ऐकायला? तुमच्यापैकी कोणी ऐकलं?"

मुखरू पाण्याचा पेला घेऊन उभा होता. नाव सांगितलं तर रेडिओ मेलाय हे उघड होणार, संच जाणार, पद जाणार. नाव नाही सांगितलं तर शनिवारची यादी निघून जाणार आणि तो जन्मभर अकरा-अकरा महिने मोजणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. लाज वाटते सांगायला, पण पाहिलं.

"रेडिओवाले नाव सांगत नसते जी," मुखरू पुटपुटला.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. घड्याळात पावणेसहा झालेले पाहून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मी सांगतो."

दारात शकुबाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलाने भरलेले, हातात धानाच्या रोपांची एक पेंडी तशीच राहिलेली. तीन बांध्या ओलांडून आली होती आणि धापा टाकत होती. इकडच्या बोलीत बायाही 'सांगतो'च म्हणतात. तिने मुखरूकडे एकदाच पाहिलं. तेवढ्यानेच पेल्यातलं अर्धं पाणी सांडलं.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "मुखरू डोमाजी निकुरे."

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. पुढे दवाखान्यात, शाळेत, मतदानाला नवऱ्याचं नाव विचारलं तर बाई शेजारणीला पुढे करते. शकुबाईने ते घेतलं आणि सरळ घेतलं, बापाच्या नावासकट, परक्या पुरुषांसमोर. माइक बंद करायचं भान आम्हाला कोणालाच राहिलं नव्हतं. कौलांवरच्या भोंग्यातून ते नाव बाहेर पडलं आणि तलावावर आपटून परत आलं. बापूजीच्या बांधीत वीस बाया कमरेत वाकलेल्या होत्या, त्या एकदम सरळ झाल्या म्हणतात.

"तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी विचारलं.

"माहा नवरा व्हय तो."

"कुठे असतो?"

"हा काय, पानी घेऊन उभा."

साहेबांनी मुखरूकडे पाहिलं. मग रेडिओकडे पाहिलं. उठून मागची पाटी उघडली. राख त्यांच्या बुटांवर पडली, वर थोडा पाला. साहेब लाल झाले, आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी डायरी उघडली. चार पानं भरली होती. गादमाशी, चिखलणी, बियाण्याची साठवण, यंत्रसामग्रीस करू नये, खाली दोन रेघा. वर तारीख आणि 'आकाशवाणी' असं त्यांच्याच अक्षरात.

देवाजी हळूच म्हणाला, "सायेब, ते तुमी आमालेबी लिहून घ्यायले लावलं होतं."

साहेबांनी ती पानं एकदा उलटली, परत उलटली. रेडिओ बंद होता असं लिहिलं, तर दिवसभर बांधावर उभं राहून आपण काय ऐकत होतो, हेही लिहावं लागणार होतं. म्हशीचंही लिहावं लागणार होतं. शेवटी त्यांनी पाहणीच्या कागदावर लिहिलं, 'प्रसारण समाधानकारक.' मला म्हणाले, "संच मूलला नेऊन दुरुस्त करून घ्या. गुपचूप." मग दुसरा कागद घेतला आणि त्यावर नाव लिहायला लागले. डोमाजीतला 'डो' लिहिताना त्यांनी शकुबाईला पुन्हा विचारलं, पण ती आता बोलेना. पदर तोंडात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जे केलं ते तिला आत्ता कळलं असावं.

मुखरू तिच्याजवळ गेला. मला वाटलं, पाया पडतो की काय.

"शकू, मी तुले खोटं..."

"त्याचं मी घरी पायतो," ती भिंतीला म्हणाली. "नऊ वर्सं फुकट डबे बांधलो मी. एकेक डब्याचं सांगतो तुमाले." आणि तिला हसू फुटलं. दाबायला गेली तर जास्तच फुटलं. पेंडीतली रोपं जमिनीवर पडली.

साहेब म्हणाले, "निकुरे, कायम करण्याची शिफारस केली आहे. सही करा इथे."

मुखरूने ऐकलंच नाही. तो साहेबांकडे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड मात्र कानापर्यंत हसत होतं. "सायेब, आयकलं का तुमी? हिनं माहं नाव घेतलं!"

"हो हो. सही करा."

"साऱ्या गावानं आयकलं असन न जी?"

दीड वर्षाने कायमचा आदेश आला. मी तो मोठ्या थाटात वाचून दाखवला. मुखरूने पूर्ण ऐकून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि बातम्या लावायला गेला. पुढे कोणी त्याला विचारलं की तू पक्का कधी झालास, तर आदेशावरची तारीख तो कधीच सांगत नसे. तो श्रावणातला दिवस सांगायचा, वेळेसकट. पावणेसहा.